फोटोखालची ओळ

जयगड
रविवार, ५ जानेवारी २०२५

आम्ही केलं तर ते मारणं, आणि तू इंग्रजीत छापलंस तर ते काय, दिशा? तेवढं सांग मला. आशीर्वाद वगैरे शेवटी लिहीन, आधी हे.

पितृपक्षात बाबांनी भटजींना बोलावलं तेव्हा तू फोनवर काय बोललीस ते मला तस्संच्या तस्सं आठवतं. "तुम्ही हर्षदला मारताय. पानांचा पुतळा जाळलात तर त्या घरात मी परत पाय ठेवणार नाही." भटजी समोर बसलेले, फोन स्पीकरवर, सगळ्या पडवीने ऐकलं. हर्षदची बोट बुडाली त्याला तेव्हा दोन श्रावण उलटून गेले होते. बोट हाकणाऱ्या तांडेलाचं अंग मिळालं, दुसऱ्या खलाशाचं मिळालं, तुझ्या भावाचं मिळालं नाही. अंग मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, ही रीत मी काढलेली नाही. तू नको म्हणालीस. बाबांनी गोळा केलेली पानं मुकाट उचलली आणि परसातल्या कोलंबीच्या टरफलांच्या खड्ड्यात नेऊन टाकली. त्या दिवसापासून तुझा फोन बंद.

मग दिवाळीत तो फोटो आला. चिठ्ठी नाही, काही नाही, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेला रंगीत फोटो. राखाडी फितींचा गुंता, मधे एक घळ, घळीत सहा पिवळे मणी, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांची ओळ. बाबा रत्नागिरीला जाऊन फ्रेम करून आले. देवांच्या शेजारी खिळा ठोकला. बोटीच्या नव्या इंजिनाला लावतात तसं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, शेजारी वाटला. येईल त्याला सांगायचे, "आमच्या दिशानं काढलान. जंतूच्या पोटातला भाग हाय. एंझाइम." कोलंबी सोलायच्या शेडवरची कमळा आली होती. ती म्हणाली, "आणि ते पिवळं काय?" बाबा म्हणाले, "साखर." कमळा म्हणाली, "मग उंच लावा हो भिकाजीभाव, मुंग्या लागतील." बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

रोज सकाळी देवाबरोबर त्यालाही कुंकू लावत होते. दोन महिने.

काल शेजारची योगिनी आली. कॉलेजात सायन्सला आहे ती, तुला माहीत आहे. फोटोजवळ गेली, वाचत उभी राहिली. मी विचारलं, "काय लिहिलंन गो खाली?" म्हणाली, "काही नाही काकी, थँक्यू लिहिलंय." मी म्हटलं, "थँक्यूला तुझं तोंड एवढं कशाला उतरलं?" मग सांगितलं तिने. "माझा भाऊ हर्षद, ज्याने ही माती आणून दिली, त्याच्या स्मृतीस."

बाबा तिथेच होते. कुंकवाची कोयरी हातात होती. गेलेल्या माणसाच्या फोटोला कोण कुंकू लावतं? त्यांनी कोयरी जागेवर ठेवली आणि पंच्याच्या टोकाने काच पुसायला लागले. पुसता पुसता कुंकू पसरलं आणि सगळी काच लाल झाली. मग मी ओला फडका आणला.

मी चौथी शिकले. चौथीपर्यंतच्या माणसालाही एवढं कळतं की स्मृती जिवंत माणसाची नसते.

फोन लागला तरी तू रडशील, मग मी ओरडेन, मग रेंज जाईल. म्हणून लिहिते आहे. योगिनी याचा फोटो काढून तुला पाठवते आहे. वाचू नको असं तिला सांगितलंय. ती वाचणार. वाचू दे.

उत्तर दे.

आई

*

जयगड
रविवार, २६ जानेवारी २०२५

चि. दिशास,

मी विचारलं काय आणि तू सांगितलंस काय. एवढा लांबलचक आवाज भरून पाठवलास, त्यात हर्षद कुठेच नाही. सगळा एंझाइम. योगिनीने दोन वेळा लावून दाखवला. मला समजलं तेवढं लिहिते, चुकलं असेल तर सांग. निदान त्यावर तरी बोलशील.

कोलंबीची टरफलं साखरेच्या धाग्याची बनलेली असतात म्हणतेस. मी शेडवर एक चाटून बघितलं. कमळा म्हणाली, "ही आता टरफलं पण सोडीना." गोडबीड काही लागलं नाही. तू पुढे म्हणालीस की सगळीच साखर गोड नसते, मणी एकमेकांना घट्ट धरून बसले की टणक होतात. बरं. आपल्या खड्ड्यात टाकलेली टरफलं जागेवर राहत नाहीत, माती ती खाते, हे तर आपण बघतच आलो. खाणारा तो जंतू. आणि खायला त्याच्याकडे जी कात्री आहे ती तुझा एंझाइम. धागा कात्रीच्या घळीत शिरतो. कात्री धरते, तोडते, सोडते. पापणी लवायच्या आत.

तू त्या कात्रीचे खडे वाढवलेस, दोऱ्यावर खडीसाखर वाढते तसे, पण बारीक, भिंगाखाली बघावे लागतील एवढे. ते खडे त्या चाकासारख्या गोल इमारतीत नेऊन एक्स-रे मारलास. कात्री दिसली, साखर दिसली नाही, कारण ती तोडून झालेली आणि सुटून गेलेली. पुन्हा केलंस, पुन्हा तेच. मग तू कात्रीचा एक दात काढलास. एकच. बाकी सगळी होती तशी. आता तिला धरता येतं, तोडता येत नाही, आणि तोडता येत नाही म्हणून सोडता पण येत नाही. ती नुसती धरून बसते. मग फोटो निघतो.

हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे अधू करून फोटो काढलान." आणि उठून आगरात गेले.

फोटो त्यांनी काढलेला नाही. देवांच्या शेजारून काढून दाराजवळच्या भिंतीवर लावला आहे. कुंकू लावत नाहीत. हार पण घालत नाहीत. जाता येता बघतात. काय करायचं असतं ते त्यांना कळत नाही. मला पण कळत नाही.

बोट गेली त्या आठवड्यात तू त्याच चाकात होतीस. बाबांनी ये म्हटलं. मशीनची पाळी आहे म्हणालीस, सोडली तर वर्षभर मिळणार नाही. आणि असंही म्हणालीस की मी आले तर तो गेला असं धरल्यासारखं होईल, मग तो सापडणार नाही, मी इथेच थांबते, शोध थांबवू नका. त्याचा बोल मी तुला लावत नाही. येऊन तू समुद्र उपसणार नव्हतीस.

पण माती त्याने नेली होती. तू पुण्याला शिकत होतीस तेव्हा. तू फोनवर म्हणालीस, आई थोडी माती पाठव खड्ड्यातली, आणि मी म्हटलं, डोकं फिरलं काय हिचं, पुण्यात माती नाही काय. हर्षद खड्ड्यात उतरला, हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून घेतलंन, आणि रात्रीची एसटी धरलीन. झाकण सैल होतं. कंडक्टर म्हणाला, "काय मेलंय पिशवीत?" तर हा म्हणतो, "ताईचा अभ्यास आहे." उतरवत होते त्याला. सगळ्या गाडीला हात जोडून बाटली मांडीवर धरून गेला. परत आला तेव्हा चार दिवस अंगाचा वास जाईना, मी त्याला पडवीत जेवायला वाढलं. हे सगळं तुझ्या त्या ओळीत कुठे आहे? "माती आणून दिली." कुरियरवाल्याने आणून दिल्यासारखं.

तू विचारलंस, आई तू कशी आहेस. शेडवर जाते. बर्फातली कोलंबी सोलून सोलून बोटं बधिर होतात, ती घरी येईपर्यंत सुटायची. आताशा सुटत नाहीत. परवा करंगळी कापली, ती कमळाला दिसली, मला नाही. ती म्हणाली, "अगो, बर्फ लाल झालाय, बघ तरी." मी बघितलं. दुखलं नाही. लोक सांगतात एकदा रडून घे. बसले होते एकदा रडायला, दार लावून. भात करपला, उठले.

तेव्हा माझी चौकशी नको. विचारलं त्याचं उत्तर दे. तो गेला असं तुला वाटतं की नाही?

बाबांनी तुला जेवत जा म्हणून सांगितलंय.

आई

*

जयगड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

दिशा,

तुझं दुसरं उत्तर आलं. बारकंसं. "आई, इंग्रजीत लिहिताना काही वाटलं नाही. शेवटी आभार लिहायचे असतात, हात सरळ पुढे गेला. मराठीत मला ते मनात पण म्हणता येत नाही." आणि खाली, थोडा वेळ द्या.

बरं. खरं बोललीस. मला कुठल्याच भाषेत काही वाटत नाही, मग मी काय करायचं?

वेळ द्यायला माझी ना नाही, पण माझ्याकडे नाही. मंगळवारी गावकर आले होते, पालखीचे मानकरी काशीरामभाव. पडवीत बसले, चहा घेतला, खड्ड्याबद्दल बोलले, माडाबद्दल बोलले. मग म्हणाले, "वैनी, शिमगा आला. पालखीचं काय करायचं? दोन शिमगे तुमच्या दारावरून पुढं नेली. सुतक म्हणावं तर कसलं, आणि नाय म्हणावं तर कसं?" मी म्हटलं, "देवाला ठाऊक नसेल तर मला कुठून असणार." काशीरामभाव हसले नाहीत. म्हणाले, "तसं नको. तुमचं घर धरायचं की वगळायचं, तेवढं सांगा. गाव विचारतंय."

गाव वाईट नाही, तू लगेच गावावर जाऊ नको. दारात कुणी मेलं की वर्षभर पालखी आत घेत नाहीत, वर्ष सरलं की घेतात. सरळ आहे. आपलं वर्ष सुरूच झालं नाही तर सरणार कुठून? दोन वर्षं पालखी आपल्या दाराशी आली की ढोल थांबतो आणि पुढच्या दारात परत सुरू होतो. ज्या पोराने पालखी नाचवून खांद्याला घट्टा पाडून घेतला त्याच्याच घरासमोर ढोल बंद. मी घरात भांडी घासत बसते त्या वेळी. बाबा बाहेर उभे राहतात, हात जोडून, ढोल परत ऐकू येईपर्यंत.

दुसरी गोष्ट. पळस पानं टाकायला लागलाय. तुला आठवत नसेल, शिमग्याला झाडावर नुसती लाल फुलं असतात, पान औषधाला मिळत नाही. मग वैशाखात नवी पालवी मोठी झाल्यावरच. बाबा काल डोंगरापलीकडे जाऊन आले, गुडघा धरून उतरले. गोणभर पानं आणली. निबर आहेत, पण धड आहेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवली आहेत आणि सकाळ-संध्याकाळ वर पाणी शिंपडतात. ही तिसरी खेप. पहिली वाळून चुरा झाली, दुसरी खड्ड्यात गेली. भटजींनी माघातली अमावास्या सांगितली आहे, २७ तारीख.

बाबा पाणी शिंपडत होते, मी बाजूला कोलंबी निवडत होते. मी म्हटलं, "पोरीला परत विचारलंय मी. ती नाही म्हणाली की परत टाका खड्ड्यात. तिच्यामुळे गेल्या वेळी राहिलं." ते वर न बघता म्हणाले, "तिच्यामुळं नाय राहिलं."

मी म्हटलं, "मग कुणामुळे?"

म्हणाले, "तिचा फोन बंद झाल्यावर भटजींनी मला विचारलंन, करायचं की नाय. मी म्हटलं करायचं. मग डोक्याला नारळ मागितलान. घरात नारळ नाय असं कोण बोललं? आगरात बारा माड."

मी कोलंबी निवडत राहिले.  तुझे बाबा असेच, एक वाक्य टाकायचं आणि पाणी शिंपडत बसायचं.

तेव्हा तू एकटीच नाहीस, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तू त्याच्या फोनला रिचार्ज मारतेस तिकडून, हे मला योगिनीने सांगितलं. नाहीतर नंबर दुसऱ्या कुणाला गेला असता म्हणाली. मी पण लावते कधी कधी. ती बाई सांगते, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती... तेवढं ऐकून ठेवते.

आता तुझ्या कात्रीबद्दल. मी अडाणी आहे, उगाच इकडचं तिकडे जोडत नाही. पण फोटो दाराजवळ आहे, येता जाता दिसतो. ते सहा मणी आणि त्यांना धरून बसलेलं ते राखाडी. पहिल्यांदा वाटलं होतं किती जपून धरलंय, मूल धरावं तसं. आता माहीत आहे की त्याला सोडता येत नाही म्हणून धरलंय. दात काढलेला आहे. साखरेला पण काही नाही त्यात, ती ना आख्खी धाग्यात ना मोकळी. फोटो चांगला निघतो, तेवढं खरं. पण दिशा, त्या जंतूला त्यावर जगता येत असेल काय गो? तू शिकलेली आहेस, तूच सांग. त्याचं पोट भरतं ते तोडून सोडल्यावर ना?

मी नाही राहू शकत असं. राहते आहे, पण त्याला राहणं म्हणत नाहीत.

तेव्हा नीट ऐक. तो तिकडे गेलेला आणि इकडे यायचा, असं दोन्हीकडे ठेवता येणार नाही. तो आहे असं म्हणत असशील तर तसं लिही. मग छापलेली ती ओळ काढायला लाव, कुणाचे पाय धरायचे ते धर. बाबा पानं खड्ड्यात टाकतील आणि मी काशीरामभावना सांगेन, सुतक नाही, पालखी आणा, ओटी भरते. गाव काय बोलायचं ते बोलू दे. मी तुझ्यासाठी तेवढं करीन, आणि परत या विषयावर पत्र लिहिणार नाही.

तो गेला असं म्हणत असशील तर तेही लिही. जे इंग्रजीत लिहिलंस तेच. पण मराठीत, हाताने, कागदावर, आणि फोटो काढून योगिनीला पाठव. आवाज भरून नको, आवाजात तू मधेच दुसरं काहीतरी सांगायला लागतेस. आभार नकोत, स्मृती हा शब्द पण नको. हर्षद गेला, एवढं. खाली तुझं नाव. अडखळलीस तर अडखळ, खाडाखोड चालेल.

नारळ मी काढून ठेवलाय. सोलून, शेंडी ठेवून, फडताळात आहे. मी एकटीने तो भटजींच्या हातात देणार नाही, हे मला आता ठाऊक आहे. एकदा देता आला नाही. तुझ्या अक्षरात वाचलं तर देईन. तुला यायला जमलं तर आणखी बरं, मग तूच दे, मी बाजूला बसते. घरात पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस ते मी धरून बसलेली नाही, बाबांनी तर ऐकलंच नव्हतं असं ते म्हणतात.

अमावास्या २७ ला. भटजींना आठ दिवस आधी सांगावं लागतं, काशीरामभावना पण, आणि पानं त्याच्या पुढे टिकणार नाहीत, आत्ताच कडेने काळी पडताहेत. म्हणून गुरुवारपर्यंत, २० तारखेपर्यंत. रात्री योगिनी जेवून आमच्याकडे येऊन बसेल फोन घेऊन. एक ओळ, ही नाहीतर ती. गुरुवारी.

आई